दोन वर्षं न विकलेला नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

हल्ली कुठल्याही कॉलेजात जा, स्टार्टअप हा शब्द कानावर पडतोच. ई-सेल असतो, पिचची स्पर्धा असते, बक्षिसाचा मोठा कागदी चेक असतो. व्याख्यान द्यायला येणारे पाहुणे उदाहरणं देतात ती बहुतेक अमेरिकेतली. गॅरेजमध्ये कंपनी सुरू करणारी मुलं, कॉलेज सोडून गेलेली मुलं. ती उदाहरणं खोटी नाहीत. पण ज्या माणसाने आपल्या बेळगावात, आजच्या टिळकवाडीत, म्हणजे तेव्हाच्या ठळकवाडीत, छपराखाली दोन-चार यंत्रं मांडून कारखाना सुरू केला, बनवलेला माल दोन वर्षं कोणी घेईना तरी तो बंद केला नाही, त्या माणसाची गोष्ट आपल्यापैकी किती जणांना नीट माहीत आहे? नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पंपावर, इंजिनावर, शेतातल्या मोटारीवर ते वाचलेलं असतं. या अंकात त्या नावामागच्या माणसाविषयी लिहायचं ठरवलं, ते म्हणूनच.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा. आपल्या वाङ्मय मंडळाला हे गाव दुसऱ्या कारणाने माहीत असायला हवं. संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही गुर्लहोसूरचेच. मूळ घराणं कोकणातल्या किर्लोशीचं, पुढे घाटावर येऊन कानडी मुलखात रुजलेलं. म्हणजे घरात मराठी, दारात कानडी. आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांसारखंच हे घर. एकाच आडनावाच्या एका माणसाने मराठी रंगभूमीला वळण दिलं आणि दुसऱ्याने मराठी शेतकऱ्याच्या हातातलं अवजार बदललं, हा योग गमतीचा आहे.

लक्ष्मणरावांचं शाळेत मन रमत नसे. हात मात्र स्वस्थ बसत नसत. चित्रं काढण्याची आवड आणि यंत्रं खोलून बघण्याची आवड, दोन्ही जोडीने होत्या. वडील जुन्या वळणाचे, वेदान्ताकडे ओढा असलेले. मुलाने चित्रकला शिकायला मुंबईला जावं हे त्यांना पसंत पडण्यासारखं नव्हतं. पण थोरल्या भावांनी पाठबळ दिलं आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा अडथळा आला. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असं निदर्शनास आलं. आज आपण त्याला रंगांधत्व म्हणतो. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं म्हणजे गाणं शिकणाऱ्याला सूर ऐकू येत नाही असं सांगण्यासारखंच. रंगकाम सुटलं. पण रेषा सुटली नाही. त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगकडे मोर्चा वळवला. यंत्राचा नकाशा काढायला रंगाची गरज नसते. लागते ती अचूक रेघ, मोजमाप, आणि वस्तू आतून कशी असेल हे डोळ्यांपुढे आणण्याची ताकद. ती त्यांच्याकडे भरपूर होती.

या शिक्षणावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. आज ज्याला आपण व्हीजेटीआय म्हणतो तीच ही संस्था. शिकवणं हे त्यांचं काम. पण त्यांचा जीव संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. वेळ मिळेल तेव्हा तिथल्या यंत्रांवर हात चालवायचा, अमेरिकेतून येणारी तांत्रिक मासिकं आणि पुस्तकं वाचायची, वाचलेलं करून बघायचं. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. जे आलं ते असं वाचून आणि करून आलं.

याच मुंबईच्या दिवसांत त्यांनी सायकल पाहिली. त्या काळी सायकल म्हणजे नवलच. एका सायकलीला शेकडो रुपये पडत. ती परवडणारे डॉक्टर, वकील, सरकारी अधिकारी असे मोजकेच लोक. बेळगावात थोरले बंधू रामचंद्रपंत, घरातले रामूअण्णा, होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा बेळगावात त्या विकत. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव या सायकलींच्या धंद्यातून आलं. किर्लोस्कर उद्योग आपला आरंभ १८८८ पासून मोजतो, तो याच वळणावरचा.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नुसती सायकल विकून भागत नसे. घेणाऱ्याला ती चालवता येत नसे! पंचेचाळिशीतला धोतर-पगडीवाला वकील सायकल घेऊन घरी जाणार, आणि पहिल्याच दिवशी पडला तर सगळ्या गावात तिची बदनामी होणार. म्हणून किर्लोस्करांनी सायकल विकण्याबरोबर ती शिकवण्याचंही काम केलं. त्याचे पैसे वेगळे. दुरुस्तीही त्यांच्याकडेच. म्हणजे वस्तू दुकानातून बाहेर पडली की आपला संबंध संपला, असं त्यांनी अगदी सुरुवातीपासून मानलं नाही. हा धडा पुढे नांगराच्या वेळी फार उपयोगी पडला.

मुंबईच्या नोकरीत मात्र त्यांच्या वाट्याला अपमान आला. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली. परक्या राज्यात असे प्रसंग काही नवे नव्हते, आणि बहुतेक माणसं ते गिळून पुढच्या महिन्याच्या पगाराची वाट पाहत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावला भावाकडे परत आले. संसार होता, पत्नी राधाबाई होत्या. पक्का पगार सोडून गावी येऊन सायकलींचं दुकान चालवणं ही त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात काही मिरवायची गोष्ट नव्हती. ब्राह्मणाच्या मुलाने शिकून-सवरून लोखंडाला हात लावायचा, हातोडा मारायचा, हे तर त्याहूनही चमत्कारिक. तेव्हाच्या समाजात कारकुनी ही प्रतिष्ठेची आणि कारागिरी ही खालची, असा सरळ हिशोब होता. लक्ष्मणरावांनी तो हिशोब मानला नाही.

काही वर्षांत सायकलीच्या धंद्यात स्पर्धा वाढली. मोठमोठ्या कंपन्या स्वतःची दुकानं घालू लागल्या. दुसऱ्याने बनवलेला माल विकत राहिलो तर आपण कायम दुसऱ्याच्या मर्जीवर, हे लक्ष्मणरावांच्या ध्यानात आलं. आपण स्वतः काय बनवू शकतो, हा प्रश्न त्यांनी घेतला. आणि उत्तर शोधायला ते मुंबईकडे न बघता आजूबाजूच्या शेतांकडे बघू लागले.

पहिली वस्तू निघाली ती कडबा कापायचं यंत्र. आपण ज्याला कडबाकुट्टी म्हणतो ते. जोंधळ्याचा लांब कडबा तसाच बैलापुढे टाकला की तो निम्मा खातो, निम्मा तुडवतो. बारीक तुकडे केले की वाया जात नाही. शेतकऱ्याला हे पटवायला व्याख्यान लागत नाही. गोठ्यात उभं राहून बघितलं की कळतं. हे यंत्र चाललं. थोडा धीर आला. मग त्यांनी हात घातला तो नांगराला.

इथून खरी कथा सुरू होते.

आपला देशी नांगर लाकडाचा. बाभळीचं लाकूड, हळस, रुमणं, आणि टोकाला बसवलेला लोखंडी फाळ. हा नांगर जमीन चिरतो, पण उलटवत नाही. लोखंडी नांगराला वळणदार पंख असतो. तो माती उचलून पालथी टाकतो. त्यामुळे खालची माती वर येते, तणाची मुळं उन्हात तापून मरतात. हरळी आणि कुंदा यांनी जमीन खाल्लेल्या शेतकऱ्याला हे वरदानच. विलायती लोखंडी नांगर बाजारात होते, पण ते महाग, आणि मोडले तर सुटा भाग मिळवायला कोण पत्र लिहिणार? लक्ष्मणरावांनी तसा नांगर इथेच ओतायचा ठरवला. १९०३ च्या सुमारास ठळकवाडीच्या छोट्या कारखान्यातून पहिला लोखंडी नांगर बाहेर पडला.

आणि तो कोणी घेईना.

एक महिना नाही, एक हंगाम नाही. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. लोखंड जमिनीत गेलं की जमिनीला विष चढतं, पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात आणि मग शेतकऱ्यांच्या अंधश्रद्धेवर हसतात. पण थोडं थांबून विचार केला तर त्या नकारामागे नुसतं अज्ञान नव्हतं असं दिसतं.

बघा ना. लाकडी नांगर गावच्या सुताराने घडवलेला. तो मोडला तर सुतार गावातच. त्याला रोख पैसे द्यायचे नाहीत. सुगीला बलुतं द्यायचं. फाळ बोथट झाला तर लोहाराच्या भट्टीत घालून ठोकून घ्यायचा, त्यालाही बलुतंच. म्हणजे शेतकऱ्याच्या खिशात एक पैसा नसला तरी नांगर चालू राहतो. आता लोखंडी नांगर घ्यायचा तर आधी रोख रक्कम हवी. त्याचा फाळ बिडाचा. बीड लोहाराला ठोकून सरळ करता येत नाही, ठोकलं की तुटतं. म्हणजे नवाच फाळ आणायला हवा, तो बेळगावहून, पुन्हा रोख देऊन. आणि नांगरटीचे दिवस मोजके. त्यात फाळ तुटून चार दिवस बैल उभे राहिले तर त्या वर्षाचं पीक धोक्यात. शिवाय खोल नांगरट करायची तर जड नांगराला एका जोडीने भागत नाही. शेजाऱ्याचे बैल मागून सावड करावी लागते. ज्याचं सगळं वर्ष एका हंगामावर उभं आहे, त्याने अनोळखी माणसाच्या नव्या वस्तूवर पैज का लावावी? जमिनीला विष चढेल हे वाक्य वेडगळ असेल, पण त्याच्या आत दडलेली भीती अगदी हिशोबी होती.

लक्ष्मणरावांचा मोठेपणा असा की त्यांनी शेतकऱ्याला मूर्ख ठरवून विषय मिटवला नाही. नांगर विकला जात नाही म्हणजे नांगरात, किंवा आपल्या विकण्याच्या पद्धतीत काहीतरी कमी आहे, असं त्यांनी धरलं. शेवटी काही धीट शेतकऱ्यांनी नांगर घेतले. आणि घेतल्यावर तक्रारी सुरू झाल्या. फाळाचं टोक लवकर झिजतं, विलायती नांगराचं झिजत नाही. आपल्या वस्तूविषयी अशी तक्रार ऐकायला कोणालाच आवडत नाही. त्यातून दोन वर्षं गिऱ्हाईकाची वाट बघितलेल्या माणसाला तर मुळीच नाही. पण ही तक्रार म्हणजेच फुकट मिळालेलं शिक्षण होतं. कारखान्यात बसून कितीही नकाशे काढले असते तरी काळ्या रानात आणि मुरमाड रानात फाळाचं काय होतं ते कळलं नसतं. ते फक्त नांगर धरणाऱ्या माणसालाच कळतं.

मग त्यांनी बिडाचा अभ्यास सुरू केला. वितळलेलं बीड हळूहळू थंड झालं तर मऊ राहतं. साच्यात ज्या ठिकाणी ते थंड लोखंडाला टेकतं तिथे एकदम निवून काचेसारखं कठीण होतं. फाळाचा जो भाग जमिनीशी घासतो तो कठीण हवा, बाकीचा भाग एवढा कठीण नको, नाहीतर दगडाला लागून तुटेल. हे गणित बिडाच्या जातीवर, भट्टीवर, साच्यावर अवलंबून असतं. पुस्तकं वाचून, ओतून, मोडून, पुन्हा ओतून त्यांनी ते जमवलं. फाळ टिकू लागला, तसा नांगरावरचा विश्वासही टिकू लागला. एका शेतकऱ्याचं रान बघून दुसऱ्याने घेतला, त्याचं बघून तिसऱ्याने. शेतीच्या मालाची खरी जाहिरात बांधावरच होते.

धंदा जरा मार्गी लागतोय तोच दुसरं संकट आलं. ठळकवाडीची ती जागा नगरपालिकेला वसाहतीच्या वाढीसाठी हवी होती. कारखाना हलवा, असा हुकूम आला. ओतशाळा म्हणजे काही किराणा दुकान नाही की गाठोडं बांधलं आणि निघाले. जागा नाही, भांडवल नाही. बेळगावचा हा कारखाना इथेच संपला असता तर आज त्याची आठवणही राहिली नसती.

त्याच सुमारास लक्ष्मणरावांचा औंध संस्थानाशी बांधकामाच्या निमित्ताने संबंध आला होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कलेचे भोक्ते, आणि व्यायामाचे, विशेषतः सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. कारागिराची किंमत त्यांना कळत होती. अडचण कळल्यावर त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज देऊ केलं. १९१० मध्ये किर्लोस्करांनी बेळगाव सोडलं.

जमीन मिळाली म्हणजे काय मिळालं, तर निवडुंगाचं रान. उजाड माळ, पाण्याची टंचाई, सापांचा सुळसुळाट. तिथे पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन हे बिऱ्हाड उतरलं. झोपड्या बांधल्या, निवडुंग तोडला, भट्टी उभी केली. गावची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांनी बघितली. यंत्रांच्या बाबतीत शंभोराव जांभेकर, विक्रीच्या आणि सतरा भानगडी निस्तरण्याच्या कामात के. के. कुलकर्णी, हिशेबाला मंगेशराव रेगे, आणि शाळा अर्धवट सोडलेले पण कल्पक डोक्याचे अनंतराव फळणीकर. ही यादी मुद्दाम दिली. कारण आपण संस्थापक म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे आणतो. किर्लोस्करवाडी एका माणसाची नव्हती. ज्यांना दुसरीकडे कोणी विचारलं नसतं अशी माणसं हेरून त्यांच्याकडून काम करून घेणं, हे लक्ष्मणरावांचं खरं कसब. वसाहतीच्या राखणीला त्यांनी तुरुंगातून शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. लोकांनी वेड्यात काढलं असेल. पण ती माणसं विश्वासाला जागली. जातीवरून शिवाशीव पाळायची नाही, हा वाडीतला रिवाजही त्या काळाच्या मानाने धाडसाचाच.

साधारण चार वर्षांनी पहिलं महायुद्ध सुरू झालं. बाहेरून येणारं कच्चं लोखंड आणि कोळसा यांची चणचण भासू लागली. गंमत अशी, की त्याच वेळी विलायती नांगरांची आवकही आटल्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. गिऱ्हाईक दारात आणि भट्टीत घालायला लोखंड नाही, अशी अवस्था. तेव्हा मदतीला आले कोल्हापूरचे शाहू महाराज. संस्थानातल्या जुन्या, निकामी झालेल्या तोफा त्यांनी नांगरांसाठी देऊन टाकल्या. तोफा वितळवून नांगर ओतले गेले. लढाईचं लोखंड शेताच्या कामी यावं, आणि तेही युरोपभर उलटा प्रकार चालू असताना, यावर एखाद्या कवीने खंडकाव्य लिहावं. पण वाडीतल्या माणसांना तेव्हा काव्य सुचत नसणार. पुढच्या नांगरटीच्या आत माल पोचवायचा, हीच घाई.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही रीतसर मर्यादित कंपनी झाली. नांगर, कडबाकुट्टी यांच्या जोडीला उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रं, पंप अशी एकेक वस्तू येत गेली. जरा नीट पाहिलं तर ही यादी म्हणजे त्या भागातल्या शेतकऱ्याचं वर्षच आहे. नांगरट, पाणी, ऊस, भुईमूग, गुरांची वैरण. एका गिऱ्हाइकाला नीट ओळखलं की त्याची पुढची गरजही कळते, ती अशी.

याच १९२० सालातली आणखी एक गोष्ट आपल्या मंडळाने तरी विसरू नये. कारखान्याने एक छोटं पत्रक काढलं, किर्लोस्कर खबर. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोचवावी, हा मूळ हेतू. पण शंवाकि स्वतः चित्रकार, लेखक, डोळे उघडे ठेवणारा माणूस. पत्रकात हळूहळू यंत्रांखेरीज इतर विषय येऊ लागले. कथा, व्यंगचित्रं, आरोग्य, समाजसुधारणा. १९२९ मध्ये खबर गळलं आणि नुसतं किर्लोस्कर उरलं. १९३० मध्ये स्त्री मासिक आलं, १९३४ मध्ये मनोहर. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या या मासिकांवर वाढल्या. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, बुवाबाजी या विषयांवर त्यांनी घराघरांत वाद पेटवले. नांगराच्या कारखान्याने मराठी वाङ्मयाला एवढं द्यावं, याचं नवल वाटतं. पण मूळ धागा एकच. ज्याला आपण माल देतो त्याच्याशी बोलत राहायचं. बोलत राहिलं की विषय निघत जातात.

पुढची पिढी परदेशी शिकून आली. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला गेले, १९२६ मध्ये परतले आणि सरळ वाडीच्या कारखान्यात कामाला लागले. पंप आणि इंजिनं यांचा पसारा वाढला. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला यंत्रं बनवणारा कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. बेळगावहून निघालेलं बी पुन्हा कानडी मुलखात असं रुजलं. लक्ष्मणराव हे सगळं बघून २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव तर कधीच किर्लोस्करवाडी झालं होतं. पुण्याहून मिरजेला येताना आजही ते लागतं.

आता आपल्याकडे वळू. या चरित्रातून नुसतं जिद्द, चिकाटी, परिश्रम असं फळ्यावर लिहून मोकळं व्हायचं नसेल, तर एक अडचणीचा प्रश्न विचारायला हवा. ती दोन वर्षं कशी निघाली? माल पडून आहे, विक्री नाही, तरी चूल पेटते आहे. याला कारण सायकलींचं दुकान होतं, कडबाकुट्टी होती, रामूअण्णांसारखा भाऊ होता. पुढे जागा गेली तेव्हा एक राजा होता. म्हणजे लक्ष्मणराव एकटे नव्हते, आणि केवळ जिद्दीवर तगलेही नाहीत. ज्या मुलामुलींच्या घरी पहिल्या पगाराची वाट बघितली जाते, त्यांना कोणी येऊन नोकरी सोडा, उडी मारा असं सांगत असेल, तर त्यांनी हा भाग आधी वाचावा. उडी मारायची तर खाली काय आहे ते बघून. लक्ष्मणरावांनी सायकलींचा धंदा जमल्यावर नोकरी सोडली, आणि कडबाकुट्टी चालल्यावर नांगराला हात घातला. दर वेळी एक पाय जमिनीवर ठेवून दुसरा उचलला. याला भित्रेपणा कोणी म्हणू नये.

दुसरी गोष्ट पैसे नसलेल्यालाही जमण्यासारखी आहे. ती म्हणजे पहिल्या पाच गिऱ्हाइकांकडे परत जाणं. आपण एखादं अॅप बनवतो, घरगुती मसाल्याचा धंदा काढतो, क्लास चालू करतो, किंवा हेच ई-मासिक काढतो. मित्र लाइक देतात, छान म्हणतात, आणि आपण खूश होतो. पण जो घेत नाही तो का घेत नाही, आणि ज्याने एकदा घेतलं तो परत का येत नाही, हे विचारायला आपले पाय जड होतात. उत्तर बोचरं असणार हे ठाऊक असतं ना! कित्येकदा तर उत्तर वेडंवाकडंही येतं. जमिनीला विष चढेल, अशासारखं. तेव्हा हसून सोडून दिलं की आपण हरलो. त्या वाक्याच्या पोटात शिरून भीती कुठली आहे, रोख पैशाची, दुरुस्तीची, की वेळ चुकण्याची, हे शोधायचं. ते सापडलं की काय बदलायचं तेही सापडतं.

आणि तिसरी गोष्ट आपल्या सीमाभागातल्या मुलांसाठी. पुणे लांब, बंगळूर लांब, आपल्या गावात काय होणार, असं आपण सहज बोलून जातो. लक्ष्मणराव मुंबईत होते आणि तिथून बेळगावला परतले. त्यांना प्रश्न सापडला तो बेळगावच्या शिवारात, मुंबईच्या वर्कशॉपमध्ये नव्हे. शिकायला बाहेर जावंच लागतं. पण आपल्या भोवतीच्या माणसांची अडचण आपल्याला जेवढी कळते तेवढी बाहेरच्याला कळत नाही. खानापूरच्या भातशेतीत, कारवारच्या जेटीवर, शहापूरच्या मागांवर, खडेबाजारातल्या दुकानांत आजही अशा किती अडचणी पडून असतील. त्यांच्याकडे वही घेऊन जाणारं कोणीतरी हवं.

ई-सेलच्या पुढच्या स्पर्धेत आपल्या मंडळातल्या कोणी भाग घेतलाच, तर पिच तयार करण्याआधी एक काम करून बघा. ज्याच्यासाठी ती वस्तू आहे अशा पाच जणांना भेटा, आणि त्यातल्या नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं आधी लिहून घ्या. स्लाइड नंतरही करता येतील.